जिजीचे पुढचे दोन पाय

खोली दाखवायच्या आधी जिजीनं मला चालून दाखवायला सांगितलं होतं.

शहाद्याच्या कॉलेजात ग्रंथालयात मला नुकतीच नोकरी लागली होती. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका गुजर बाईंच्या घराची माडी रिकामी आहे असं कळलं, म्हणून भर उन्हात बॅग ओढत मी दारात जाऊन उभी राहिले. अंगणात उंच, सडपातळ, साठी केव्हाच ओलांडलेली बाई. उजव्या खांद्यावर पदर, कपाळाला ठसठशीत गोंदण, पायात खेळाडूंचे बूट. आणि दोन्ही हातांत, बर्फावरून घसरत जाणाऱ्या लोकांच्या हातात टीव्हीवर दिसतात तसल्या, चमकदार निळ्या काठ्या. तिनं मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "फाटकलगून जाय आन परत ये."

गेले. परत आले. घाम पुसत उभी राहिले.

"टाच घासस तू," जिजी म्हणाली. "खोली वर शे. जिना चढशी ना रोज?"

अस्सा राग आला मला! नोकरीच्या मुलाखतीत कोणी इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. पण ऊन मी म्हणत होतं, आणि माडीला वारा चांगला होता. मी राहिले. पुढे कितीतरी वर्षं राहिले.

तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची, मनात मात्र पहिल्या दिवसापासून अगं-तुगंच. आता नवापूरला बदली होऊन आल्यावर हे लिहितेय तर मनातलंच कागदावर उतरतंय. चालायचं तिला. ती स्वतः कोणाला अहो म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी नाशिककडची, अहिराणी कळायची पण जिभेवर बसायची नाही. ती तिच्या बोलीत बोले, मी माझ्या मराठीत भांडे, आणि आमचं छान जमे.

त्या काठ्या तिच्या नातीच्या. नात कधीतरी हिमालयात ट्रेकला जाऊन आली आणि काठ्या आजीच्या माळ्यावर टाकून परदेशी शिकायला गेली. जिजीला त्या सापडल्या माळा झाडताना. त्याआधी मुलानं सुरतहून तिच्यासाठी चार पायांची म्हाताऱ्यांची काठी पाठवली होती. ती तिनं परसातल्या पपईला टेकू म्हणून लावून टाकली. पपई फळांनी लगडली होती, तिला गरजही होती म्हणा.

मी एकदा म्हटलं, "जिजी, ती काठी नको आणि ह्या बऱ्या चालतात?"

"ती म्हातारीनी काठी. ह्या मन्हा पुढना दोन पाय शेतस," ती म्हणाली. "बकरीले चार पाय शेतस, म्हनीसन ती कडावर चढस. मानूस दोन पायवर मिजास करस आन मोरीमा पडस."

मोरीत पडणं ही त्या घरात थट्टेची गोष्ट नव्हती. तिचे यजमान मोरीत पाय घसरून पडले होते. खुबा मोडला, आणि वर्ष-दीड वर्ष अंथरुणात काढून ते गेले. त्यांना उचलून कूस बदलायला मुलगा दर शनिवारी सुरतहून यायचा. त्याचं तिकडे कापडाचं दुकान. बापाच्या पाठीला झालेल्या जखमा त्यानं स्वतः धुतल्या होत्या. तेव्हापासून 'पडणं' हा शब्द ऐकला की त्याचा चेहरा उतरायचा. मोरीत त्यानं दोन-दोन रबरी पट्ट्या टाकल्या, भिंतीला धरायच्या दांड्या ठोकल्या, आणि दर दिवाळीला एकच पालुपद लावलं: "माय, सुरतले चाल. लिफ्ट शे, डॉक्टर शे, समदं शे."

"डोंगर शे का?" जिजी विचारायची.

काठ्यांचं तिचं शास्त्र पक्कं होतं. डांबरी रस्त्याला टोकांवर रबरी टोप्या, मातीला लागलो की टोप्या काढून कनवटीला. पट्ट्यात हात घालायचा तो खालून वर, बांगडी भरतात तसा. चढाला काठी आखूड करायची, उताराला लांब. ह्यावर तिचं एक वाक्य ठरलेलं असे: "चढाले आखूड, उताराले लांब. सुनबाईसंगे बोलताना बी आखूडच." डावा पाय तर उजवी काठी, उजवा पाय तर डावी. हे मला शिकवता शिकवता ती बेजार झाली. संध्याकाळी केळीच्या बागांमधल्या पाटाच्या कडेनं आम्ही चालायचो. ती पुढं टक्-टक्-टक् करत, आणि मी मागं एका साध्या बांबूला धरून, सगळं उलटसुलट करत. मला चालायचा जन्मजात कंटाळा. मी दमले म्हटलं की ती थांबायची, डोंगराकडे बघायची आणि म्हणायची, "थांब गं, त्याले बी दम लागना व्हई." स्वतः दमले असं तिनं कधी म्हटलं नाही. दमली की पायातला बूट झटकायची, खडा गेलाय म्हणून. किती खडे जायचे त्या बुटांत, विचारू नका!

गावानं टवाळी केली नसती तर ते शहादं कसलं? स्टँडवरचा एक रिक्षावाला तर दिसली की ओरडायचाच, "जिजी, बरफ कोठे पडना?"

"तुन्हा डोकामा," जिजी न थांबता सांगायची.

लग्नालाही ती काठ्या घेऊन जायची. पंगतीत काठ्या मांडीखाली. एकदा एका वरमाईनं, काठ्या बाहेर चपलांजवळ ठेवा म्हटलं, तर जिजी म्हणाली, "तू तुन्हा पाय बाहेर ठेव, मंग मी ठेवस." आणि जेवली पोटभर.

आता मुख्य गोष्ट. ह्या सगळ्या चालण्याला एक कारण होतं. धडगावच्या बाजूला, सातपुड्यात, जिथं गाडीचा रस्ता संपतो त्याच्या पुढे डोंगर चढून एक पाडा आहे. तिथं जिजीची मानलेली बहीण राहते, पावरा आदिवासी बाई. तरुणपणी ती दर हंगामाला कापूस वेचायला जिजीच्या शेतावर यायची. एका झाडाखाली दोघींची पोरं झोळीत झोपली, एकीचं रडलं की दुसरीनं पाजलं, असा तो जिव्हाळा. मजुरी सुटली तरी ती बाई दरवर्षी दसरा झाला की डोंगर उतरून जिजीच्या दारात यायची, मक्याची कणसं आणि रानातली काकडी घेऊन. मग तिची नजर गेली. उतरणं थांबलं. जिजीनं हिशेब साधा ठेवला: "इतला साल ती उनी. आते मन्ही पाळी."

मुलाला हे बिलकूल मान्य नव्हतं. एका भाऊबीजेला, माझ्या देखत, माय-लेकांचं जोरदार वाजलं. शेवटी तो म्हणाला, "ठीक शे माय. जा डोंगरवर. पन ज्या दिन पडशी, त्या दिनपासून मी म्हनसू ते ऐकनं. सुरत म्हंता सुरत."

जिजीनं क्षणभर विचार केला. "पडनं म्हंजे काय ते ठरू दे. घसरनं म्हंजे पडनं नही. बूड जमीनले टेकनं, तं पडनं."

"कबूल."

तिनं त्याच्या तळहातावर टाळी दिली. मला हसू फुटलं होतं, पण त्या दोघांची तोंडं पाहून मी ते गिळलं. त्या घरात दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ हे मला एव्हाना ठाऊक झालेलं होतं.

ती वर्षानुवर्षं पडली नाही. मी चार वेळा पडले, पण माझा करार कोणाशीच नव्हता.

ज्या वर्षी पडली, त्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही दोघी नेहमीसारख्या निघालो. म्हसावदपर्यंत बस, पुढे खच्चून भरलेली जीप, आणि रस्ता संपल्यावर पायी. जिजीच्या पाठीवर पिशवी, पिशवीत बहिणीसाठी लुगडं, गूळ आणि शेव. गवत माणसाच्या कमरेला लागत होतं, पिवळं पडायला आलेलं. सगळा चढ ती सुरेख चढली. पाड्याच्या अलीकडे एक नाला आहे, तेवढाच मधे उतार. तिथं थांबून तिनं काठ्या लांब केल्या, पिळून घट्ट केल्या, खाली टेकवल्या, भार दिला. आणि उजवी काठी सुर्रकन आतल्या आत शिरली! दुर्बीण मिटावी तशी. जिजी एका बाजूला कलली, डाव्या काठीनं सावरू गेली तर तीही मिटली, आणि जिजी खाली बसली. धप्प.

मी धावत खाली गेले, म्हणजे घसरत गेले. ती जागची हलत नव्हती. एकेक बोट हलवून पाहत होती पायाचं. मग घोटा, मग गुडघा. मग कमरेवर हात ठेवून हळूच उठली, उभी राहिली. तळहात सोलवटला होता, बाकी धड होती. मी रडायलाच लागले.

"रडस कसाले? मोडनं काहीच नही," ती म्हणाली, आणि काठी उचलून खालचा भाग ओढून बाहेर काढला. सांध्यावरून बोट फिरवलं. बोट चमकलं. तिनं ते नाकाला लावलं.

"तीळ," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खंडेनवमीला आम्ही घरातली सगळी अवजारं धुऊन-पुसून मांडली होती. विळा, पावडं, फवारणीचा पंप, माझी स्कूटी. आणि मधोमध पाटावर ह्या दोन काठ्या. सगळ्या लोखंडाला तेलाचं बोट लावतात तसं जिजीनं काठ्यांनाही लावलं होतं, पण त्या वर्षी बोटावर तिचं मन भरलं नव्हतं. वर्षभर राबतात बिचाऱ्या, म्हणून तिनं त्या खोलून, स्वतःच्या गुडघ्यांना चोळते तेच तिळाचं तेल त्यांच्या सांध्यासांध्यात मुरवलं होतं. आता ह्या काठ्यांचे सांधे कोरडे असले तरच एकमेकांना धरून राहतात. पण माया करणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? चढाला भार कमी, म्हणून तोवर निभावलं होतं.

मी डोळे पुसले आणि कामाला लागले. वकिली सुरू केली.

"जिजी, कोणी पाहिलं नाही."

"तू पाहिनं."

"मी नाही सांगणार."

"तू नही सांगशी. मी सांगसू."

"अहो पण तुम्ही कुठं पडलात? काठी मिटली! पडली ती काठी!"

जिजीनं लुगड्याला लागलेली माती झटकली. मागून चांगलाच मोठा डाग होता. "बूड कोन्हं टेकनं?" तिनं विचारलं. "काठीनं का मन्हं?"

मी तिच्यावर इतकी चिडले होते की उरलेला चढ मी तिच्या पुढं चढले, आयुष्यात पहिल्यांदाच. सुरतच्या बंद घरात ही बाई कशी राहील? इकडे ही दुसरी आंधळी म्हातारी दर दसऱ्याला पायवाटेकडे कान लावून बसेल तिचं काय? आणि हे सगळं कशासाठी, तर एका टाळीसाठी!

पाड्यावर बहिणीनं हळद गरम करून तिच्या तळहाताला लावली. उडदाची डाळ, ज्वारीची भाकर झाली. जिजीनं दोन्ही काठ्या खोलून राखेनं घासल्या, गरम पाण्यानं धुतल्या आणि उन्हात ठेवल्या. मग कड्याच्या टोकाला एक मोहाचं झाड आहे, तिथंच तेवढी फोनला रेंज मिळते, तिथं जाऊन तिनं मुलाला फोन लावला.

"पडनू रे भाऊ," ती म्हणाली. "बूड टेकनं. आते तू म्हनशी ते."

पलीकडून त्याचा आवाज इतका मोठा आला की मलाही ऐकू गेला. "तठेच ऱ्हाय. हालू नको. मी येस."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. सुरतहून नवापूर, नंदुरबार करत गाडी पळवली असणार, रस्ता संपला तिथं ती लावली आणि डोंगर चढला. पायात दुकानातले चकचकीत कातडी बूट, शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड लालबुंद. आई खाटेवर शेंगा सोलत बसलेली पाहून तो तिथंच मातीत उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं. वाटेत त्यानं काय काय मनाशी रंगवलं असेल, देव जाणे. मला त्याची फार दया आली. आदल्या दिवशीपासून मी त्याला मनातून शिव्या घालत होते, त्या परत घेतल्या.

बहीण चाचपडत त्याच्यापाशी आली. त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, खांद्यावरून फिरवला. हात पोटावर आला तेव्हा थांबला, आणि ती जिजीला आपल्या पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. दोघी म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काय म्हणाली ते जिजीनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तो पाणी पीत होता तेवढ्यात मी त्याला तेलाची सगळी हकीकत सांगून टाकली. पाणी पिऊन होताच जिजी उठली. "चाल," ती म्हणाली. बहिणीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून तिनं काहीतरी हळू सांगितलं. आता हसणं नव्हतं. आंधळ्या बाईनं मान हलवली आणि आत निघून गेली. जिजीनं मागं वळून पाहिलं नाही.

उतरताना तो पहिल्याच वळणावर घसरला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. करारापुढं जिजीनं तोंड शिवून घेतलं होतं, पण हे तिला बघवेना. तिनं आपली एक काठी त्याच्या हातात दिली. "खालून हात घाल. बांगडी भरतस तसा. भार टाचवर नको."

तो मुकाट्यानं चालू लागला. खाली गाडी दिसायला लागली, आता आलंच म्हणून त्यानं पाऊल लांब टाकलं असेल. कातडी बूट गवतावरून सटकला आणि शेठजी धप्पकन खाली बसले.

बूड चांगलं सपाट टेकलं होतं. मी जिजीकडे पाहिलं. वाटलं, आता ही सोडत नाही! रिक्षावाल्याला न सोडणारी, वरमाईला न सोडणारी ही बाई आता काय बोलेल ह्याच्या कल्पनेनंच मला गुदगुल्या व्हायला लागल्या.

जिजी काहीच बोलली नाही. त्याच्यापाशी गेली, हळद माखलेला हात पुढं केला. त्यानं तो धरला आणि उठला. तिनं त्याच्या पाठीची माती झटकली, अगदी शाळेतून धुळीत लोळून आलेल्या पोराची झटकतात तशी, आणि पुढं चालू लागली.

त्या क्षणी ही बाई मला जेवढी मोठी वाटली तेवढी आधी कधीच वाटली नव्हती. एवढी तयार जीभ तोंडात असून आवरणं सोपं असतं का? मला तर जमलं नसतं.

गाडीत ती स्वतःहून पुढच्या सीटवर बसली. पिशवी मांडीवर घेतली, पट्टा लावला, समोर बघत राहिली. मी मागं बसले. तो गाडीत बसला, चावी फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, विजारीला माती. काचेतून तो वरच्या पायवाटेकडे पाहत होता.

"माय," तो म्हणाला. "मन्हं ऐकशी ना?"

"शब्द दिना शे," जिजी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता.

"मंग ऐक. दसराले काठीस्ले कुंकू लाव, फूल वाह्य. तेल लावू नको."

जिजी वाट पाहत राहिली. मीही.

"आनि?" तिनं विचारलं.

"आनि काहीच नही," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.

जिजीनं त्याच्याकडे पाहिलं.

"इतलंच सांगाले सुरतथाईन उना व्हय?" ती म्हणाली. "फोनवर नही सांगता येस?"

एवढं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला आणि शहादं येईपर्यंत ती रडत होती.